जीपच्या पोटाखालची पायली

कर्जतच्या चार फाट्यावर पोपटचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांबांवर टाकलेले पत्रे, तेल पिऊन काळी झालेली जमीन आणि कडेला एसटीतून निघालेली एक मोडकी सीट. त्या सीटवर दुपारची चार रिकामी टाळकी बसत आणि जीप सोडून दुसऱ्या कशावरही बोलत नसत. घरच्या बायका त्याला ‘जीपांचं भजन’ म्हणायच्या. भजनात निदान शेवटी प्रसाद तरी हातावर पडतो, आमचा माणूस येतो तो लेंग्याला ग्रीस लावून, असं आबाजीची बायको सोनाबाई पाणवठ्यावर सांगायची आणि बाकीच्या जणी हंडे खाली ठेवून हसायच्या.

आबाजी या भजनातला बुवा. कडावच्या अलीकडच्या गावचा, चार तुकडे भाताचे, आणि अख्ख्या पंचक्रोशीत सगळ्यात आधी आलेली जीप. तरुणपणी तो जंगलातल्या लाकडाच्या ट्रकवर क्लीनर होता. मिलिटरीने टाकून दिलेल्या गाड्यांचा लिलाव झाला तेव्हा ट्रकच्या मालकाने दोन जीपा उचलल्या. त्यातली जी चालत नव्हती ती आबाजीच्या गळ्यात मारली. बैल जुंपून ती त्याने घरी आणली. पुढे पाऊसकाळभर तो तिच्याखाली झोपला. वर नाही, खाली. नवीन लग्न झालेलं होतं, तेव्हा गावात या गोष्टीची चर्चा काय काय झाली असेल ते विचारू नका. पण दसऱ्याला जीप सुरू झाली, आणि पुढच्या दसऱ्याला घरात पाळणा हलला, तेव्हा तोंडं बंद झाली.

त्या जीपने काय वाहिलं नाही? नवरदेव वाहिले, अडलेल्या बायका वाहिल्या, मतपेट्या वाहिल्या, सिमेंट, शेळ्या, साप चावलेली माणसं, आणि एकदा तर रुसून माहेरी निघालेली सून आणि तिला परत आणायला निघालेली सासू, दोघींना एकाच फेरीत. एकीने पुढे बघितलं, दुसरीने मागे. पंचवीस वर्षांत त्या जीपचं इंजिन दोनदा बदललं, वरचा कापडी टप तर कितीदा फाटला. आबाजीचं शरीर मात्र तेच राहिलं होतं. कंबरेचा मणका खडखडायचा. उजवा खांदा कानाजवळ चढून बसला होता तो खाली यायचं नाव घेत नव्हता. लघवीला बसला की उठताना झाड धरायला लागायचं. पण हे भजनात सांगायची सोय नव्हती. तिथे बुवाने तक्रार केली तर टाळ कोण धरणार?

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात पोपटने बातमी आणली की नवी जीप येतेय.

“नवी म्हणजे रंग नवा?” आबाजीने विचारलं.

“रंग कसला, दादा! समदीच नवी. लांब हाय. वरून पत्र्याचं छप्पर, चार बाजूला काचा, दारं. आत मोटारीसारख्या गाद्या. डिझेलवर चालणारी. अख्खं बिऱ्हाड आत बसवा नि चला.”

“दारं?” आबाजीने असा आवाज काढला की जणू कोणी म्हशीला घागरा शिवलाय असं सांगितलं.

चांगो म्हणजे दुसरा जीपवाला, खालापूरकडचा आगरी, पोट सुटलेला, आवाज मोठा. त्याने लगेच नव्या जीपची बाजू घेतली. “मग वाईट काय त्यात? पावसात माणसं बसवली की खाली उतरेपर्यंत त्यांचं लोणचं होतं. माझी बायको म्हणते, तुमच्या जीपमधून लग्नाला जायचं म्हणजे साडी नेसून नको, पिशवीत घेऊन जायचं.”

“काच पाडता येते का पुढची? बॉनेटवर?” आबाजी.

“नाय येत म्हणतात,” पोपट.

“झालं तर. ती जीप न्हाय, ते कपाट.”

“नि दिवे चौकोनी हायत,” पोपटने हळूच सांगितलं.

यावर सगळ्यांनी कपाळाला हात लावला. चांगोनेसुद्धा. गोल दिवे गेले म्हणजे डोळेच गेले. सीटवरचा चौथा भजनी नागू. त्याच्याकडे जीपच नव्हती, पण मतं सगळ्यांपेक्षा जास्त. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, कोणी वारल्यासारखी.

असं चैत्रातल्या जत्रेपर्यंत चाललं. आज आशा, उद्या काळजी. गाद्या आहेत हे ऐकून बरं वाटायचं, आणि मग मधल्या आळीतला कोणीतरी सांगायचा की गाड्या बुटक्या केल्यात, आणि रात्रीची भाकरी गोड लागायची नाही. आपल्या अंगणातली म्हैस विकायला काढलीय की काय इतक्या जिवाने ही माणसं कुठल्यातरी कारखान्यात चाललेल्या पत्र्याच्या कामावर भांडत होती.

आबाजी सगळ्यात जास्त तावातावाने भांडायचा. का, ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. त्याला ती नवी जीप हवी होती.

*

कारण सोनाबाई.

सोनाबाईचं माहेर खैरवाडी. कशेळ्याच्या रस्त्याने पुढे गेलं की डावीकडे कच्ची वाट सुटते, ती पेज नदीत उतरते, आणि पलीकडच्या काठावर खैरवाडी. पूल नाही. दुसऱ्या नद्या चैत्रात कोरड्या पडतात, पण पेजेला बारमाही पाणी. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी तिच्यात येतं. दुपारी गुडघ्याएवढं, आणि मुंबईत दिवे लागायची वेळ आली की मांडीपर्यंत. तिकडे बटणं दाबली की इकडे म्हशी काठावर येतात, हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत.

नदी ओलांडायच्या त्या उतारावर, पाण्याच्या मधोमध एक दगड आहे. काळा, गुळगुळीत, जागचा हलत नाही. लग्नानंतर आबाजी पहिल्यांदा जीप घेऊन सासरी निघाला, तेव्हा जीपच्या पोटाखालचा लोखंडी गोळा त्या दगडाला असा घासला की आवाज खैरवाडीच्या देवळात ऐकू गेला. सासरा खळ्यावरून पायली घेऊन धावत आला. पायली म्हणजे भात मोजायचं लाकडी माप. ती त्याने उपडी करून दगडाशेजारी धरली, तर दगड बरोब्बर पायलीएवढा. सासरा म्हणाला, “जावईबापू, पायली ज्या गाडीच्या पोटाखालून जाईल ती पेज उतरंल. न्हाय जाणार ती तिकडंच ठेवा.” आबाजीने गावी जाऊन जीपला मागे स्प्रिंगचे जाडजूड पाटे घातले, घरची पायली खालून आरपार सरकवून पाहिली, आणि पुढे पंचवीस वर्षं पेज उतरत राहिला. तेव्हापासून भजनात कुठलीही गाडी पास की नापास हे ठरायचं ते पायलीवर. पोपट तर गाडी दुरुस्तीला आली की आधी वाकून खाली बघायचा आणि म्हणायचा, “पायली जाती हिच्याखालून.” मग दुसरं काही कमी-जास्त असलं तरी मालक खूश.

पण अलीकडे सोनाबाईचा गुडघा गेला होता. जुनी जीप उंच. पाय उचलून आत टाकायचा तो गुडघा वर येईना. दोन वर्षांपूर्वी खैरवाडीच्या देवीच्या जत्रेला निघताना तिला जीपमध्ये चढवताना काय सोहळा झाला तो अख्ख्या आळीने बघितला. वरून पुतण्या पोशाने दोन्ही हात धरून ओढलं, खालून आबाजीने खांदा लावला, आणि मध्येच सोनाबाई अडकली. नागूची बायको अंबूबाई ओट्यावर बसून भाजी निवडत होती. ती म्हणाली, “काय गं, देवीला जातेस का देवीला नेतायत?” आळी हसली. सोनाबाई खाली उतरली, पदर नीट केला आणि घरात गेली. त्यानंतर ती जीपमध्ये बसली नाही.

एकदा आबाजीने तिच्यासाठी पायली उपडी करून पायरीसारखी खाली ठेवली होती. तिने ती उचलून कोनाड्यात ठेवली. “भात मोजायच्या पायलीवर पाय ठेवू? मग गुडघाच काय, घरातलं समदंच जाईल.” बायकोला काही सुचवायचं ते तो त्या दिवसापासून विसरला.

खैरवाडीच्या जत्रेत रीत अशी की माहेरवाशिणींनी स्वतः जाऊन देवीची ओटी भरायची. दुसऱ्याच्या हाती पाठवलेली ओटी देवीच्या पायाशी ठेवत नाहीत, बाजूच्या कोनाड्यात ठेवतात. दोन वर्षं सोनाबाईची ओटी कोनाड्यात गेली. तिची थोरली बहीण चंद्राबाई त्याच गावात दिलेली, आता डोळ्यांनी अधू. ती निरोप पाठवायची, ‘सोना मेली का जिती हाय तेवढं तरी कळवा.’ सोनाबाई निरोप ऐकायची आणि चुलीत फुंकर मारायची. तिचं त्यावर काही म्हणणं नसे. तेच आबाजीला जड जायचं. भांडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून त्याला ती बुटकी, दारवाली, गादीवाली गाडी हवी होती. आणि म्हणूनच तो ‘कपाट, कपाट’ म्हणून ओरडायचा. कारण बुटकी गाडी पेज उतरणार नाही, आणि पेज न उतरणारी गाडी सोनाबाईच्या काय कामाची? उंच होती तर चढता येईना, बुटकी असली तर उतरता येईना. रात्री अंगाखाली कंबर शेकायला वीट घेऊन तो पडायचा, तेव्हा त्याला वाटायचं की हे असं आता कुठंच न पोचता संपणार.

*

नवी जीप चार फाट्यावर आली ती नेमकी जत्रेच्या दिवशी. विकणाऱ्यांचा माणूस पनवेलकडून ती चालवत घेऊन आला होता. तरणाताठा, बेलबॉटम, डोळ्यांवर काळा चष्मा. गाडी पांढरी. खरोखरच लांब. खरोखरच दारं. आणि दिवे चौकोनी.

भजनी मंडळी तिच्याभोवती फिरली. पहिल्यांदा कोणी हात लावला नाही. मग नागूने लावला. मग सगळ्यांनी एकदम. पोपट बॉनेटमध्ये शिरला तो कमरेपर्यंत दिसेनासा झाला. चांगो मागच्या सीटवर बसून वरखाली उड्या मारू लागला. “गादी! आरं, गादी हाय रं!”

आबाजी ड्रायव्हरच्या जागी बसला. दार लावलं. दाराचा आवाज आला तो भरलेल्या पेटीसारखा, जड आणि मऊ. त्याने गियरवर हात ठेवला आणि मग त्याच्या शेजारी असतो तो लहान दांडा शोधला. चिखलात पुढची चाकंही ओढायला लावणारा तो दांडा. हात हवेतच फिरला.

“लहान दांडा कुठंय?”

“नाही काका. ही फॅमिलीसाठी आहे,” तो माणूस म्हणाला. “फॅमिलीला चारी चाकं कशाला ओढायला पाहिजेत? तसली वेगळी येते, सरकारी खात्यांना.”

“फॅमिली चिखलात ऱ्हात न्हाय वाटतं तुमच्याकडं,” नागू म्हणाला.

आबाजी उतरला. खरं तर त्याचं तिथंच संपायला हवं होतं. पण दार उघडून पाय खाली सोडला तो सरळ जमिनीवर. गुडघा वाकलाच नाही. त्याने पुन्हा पाय आत घेतला, पुन्हा खाली सोडला. आणि मग म्हणाला, “पायली आणा.”

आबाजीचं घर लांब. चांगो रस्ता ओलांडून समोरच्या वाण्याच्या दुकानात गेला आणि गल्ल्याजवळची पायली उचलून आणली. आबाजी गुडघ्यावर बसला, मग हातावर, मग कण्हत पोटावर पडला. मागच्या गोळ्याखाली पायली उपडी धरली आणि सरकवली.

गेली. वर बोटभर जागा ठेवून गेली.

“गेली रं!” चांगो ओरडला. पोपटने टाळी वाजवली. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, कोणीतरी निवडून आलं. आबाजी तसाच जमिनीवर पालथा पडून राहिला. उठायला कोणाचा तरी हात हवा होता, पण त्याला तेवढा वेळ तिथंच बरं वाटत होतं. मग तो म्हणाला, “ट्रायल घेणार. पण रस्त्यावर न्हाय. पेजेवर.”

तो बेलबॉटमवाला हसून म्हणाला, “कुठेही घ्या काका.” पेज कुठे आहे ते त्याला माहीत नव्हतं.

*

सोनाबाईला वाटलं कोणीतरी पाहुणे आले. तिने ओटीचं ताट आधीच बांधून ठेवलं होतं, पोशाच्या हाती पाठवायला. आबाजीने दार उघडून धरलं. आळीतली दारंही उघडली. अंबूबाई तर ओट्यावरच होती, जणू दोन वर्षं तिथंच बसून होती.

सोनाबाईने गाडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मग ताट घेतलं, आली, आणि पाट सरकवून जेवायला बसावं तशी आत बसली. कोणी ओढलं नाही, कोणी ढकललं नाही. दार लागलं. काच खाली करून ती म्हणाली, “अंबू, भाजी जळेल गं.”

पुढे आबाजी आणि सोनाबाई, मध्ये बेलबॉटमवाला, चांगो आणि पोपट, मागे नागू आणि न सांगता चढलेली आणखी दोन माणसं. जुन्या जीपमध्ये पोशा, उरलेल्या गावाला घेऊन मागून. अशी वरात निघाली.

कच्च्या वाटेला लागल्यावर आबाजीच्या ध्यानात आलं की बायको बोलत नाहीये. त्याने तिरक्या डोळ्याने पाहिलं. सोनाबाईचे डोळे मिटले होते, मान काचेला टेकली होती, ताट मांडीवर नीट. झोपली होती. पंचवीस वर्षांत ती जीपमध्ये कधी झोपली नव्हती. कोण झोपेल? दोन्ही हातांनी दांडा धरूनच बसायचं असतं.

एका खड्ड्यात गाडी डुलली, तेव्हा तिला जाग आली. ती बाहेर बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “अवो, ही तीच वाट ना? मारुतीच्या देवळाची?”

“तीच.”

“मला इतकी वरसं वाटत व्हतं, रस्ताच तसा हाय.”

मागे चांगो आणि पोपट गाडीच्या पाट्यांवरून भांडत होते. तिचं बोलणं त्यांनी ऐकलं नाही. आबाजीने ऐकलं. त्याला एकदम असा थकवा आला, की गाडी थांबवून कुठल्यातरी बांधावर बसून राहावं. पंचवीस वर्षं. बाळंतपणं, जत्रा, मयतं. प्रत्येक वेळी ती उतरायची, पदर झटकायची, आणि कुठे दुखतंय म्हणायची नाही. आणि तो लोकांना सांगायचा, आमच्या जीपला कसला धक्का लागत नाही.

*

पेजेचा उतार आला. पाणी दुपारचं, स्वच्छ, खालचे गोटे दिसत होते. आबाजीने गाडी पाण्यात घातली. अर्ध्यापर्यंत ती छान गेली. पोपट म्हणाला, “वा!” आणि त्याच्या त्या ‘वा’ बरोबरच पोटाखालून तो जुना, ओळखीचा आवाज आला. खडखड नव्हे, मोठं, लांबलेलं, दुखरं घासणं. गाडी दगडावर चढली आणि बसली. अंड्यांवर कोंबडी बसते तशी, ठाम.

मागची चाकं पाणी उडवत फिरली. पुढची नुसती वाट बघत होती. आबाजीचा हात आपोआप लहान दांड्याकडे गेला, मुठीत हवा आली.

“उतरा समदे!” समदे उतरले. ढकललं. बेलबॉटमवाल्याच्या पँटचे घोळ पाण्यात कमळासारखे फुलले. गाडी हलेना. नागू म्हणाला, “आता मुंबईत दिवे लागायच्या आत बघा, बाबांनो. न्हायतर ही बया खाली नेरळला जाईल.”

“पण पायली गेली व्हती!” चांगो हात उडवत म्हणाला. “माझ्या डोळ्यांदेखत गेली! बोटभर जागा व्हती वर!”

सोनाबाई अजून गाडीतच बसली होती. तिने काचेतून डोकं बाहेर काढलं. “पायली कोनाची आनली व्हती, चांगोभावजी?”

“कोनाची म्हंजे? समोरच्या शेटची. गल्ल्यावरची.”

नदीत उभ्या असलेल्या प्रत्येकाने चांगोकडे वळून बघितलं. फाट्यावरचा तो शेट भात घेताना एक पायली वापरायचा आणि देताना दुसरी, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. गल्ल्यावर असायची ती द्यायची पायली, तिचा तळ आतून वर उचललेला, वरची कड तासलेली. घरी आणून मोजलं की मूठभर कमीच. त्या पायलीला चार फाट्यावरचा प्रत्येक जण महिन्यातून दोनदा तरी शिव्या घालायचा. खुद्द चांगोने तिच्यावरून शेटशी मारामारी केलेली. आणि त्या दिवशी चार जाणत्या पुरुषांनी तीच पायली गाडीखालून सरकवली आणि टाळ्या वाजवल्या. जे मापाला लहान असतं ते उंचीलाही लहान असतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. डोकी गादीवर होती.

“शेटनं आज आपल्याला भात न देता ठकवलं,” नागू म्हणाला, आणि हसायला लागला, आणि मग सगळेच पाण्यात उभे राहून हसायला लागले. आबाजी सोडून.

तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. समोर वीस पावलांवर खैरवाडीचा काठ. देवळावरचा झेंडा दिसत होता, ढोल ऐकू येत होते. तिला इथपर्यंत आणून पुन्हा माघारी न्यायचं.

शेजारी दाराचा आवाज आला. सोनाबाईने दार उघडलं होतं. पाय बाहेर सोडला, तो सरळ पाण्यात. गुडघा वाकवायची गरजच पडली नाही. उभी राहिली, ताट डोक्यावर घेतलं.

“कुठं निघालीस?”

“माहेरी.”

“चालत?”

“मग? चढता येत नव्हतं मला. चालता येत न्हाय असं कधी सांगितलं व्हतं?” ती म्हणाली. “तुमीच ठरवलं की जीप न्हाय तर माहेर न्हाय. मलाबी तसंच वाटाय लागलं. तिथं बसून काय करताय? खांदा द्या की.”

आबाजी उतरला. लेंगा गुडघ्यावर खोचला. ती त्याच्या खांद्यावर हात टाकून, त्याच वर चढून बसलेल्या उजव्या खांद्यावर, एकेक पाऊल गोट्यांवर टाकत निघाली. पाण्याचा तिला त्रास होत नव्हता. गार पाणी गुडघ्याला बरं वाटत होतं. मध्ये ती एकदा थांबली. मागे वळून पांढऱ्या गाडीकडे बघितलं, आणि पुन्हा निघाली. काठावर जत्रेचे लोक जमले होते. त्यांच्यात चंद्राबाई होती. कोण येतंय ते तिला दिसत नव्हतं, ती शेजारणीला विचारत होती.

इकडे पोशाने जुनी जीप पाण्यात घातली, दोर बांधला, लहान दांडा ओढला आणि नव्या गाडीला शेपटीने धरून मागे काठावर आणली. त्यात फार वेळ गेला नाही. पाणी चढायच्या आत सगळे कोरड्यावर. नागूने जुन्या जीपच्या बॉनेटवर थाप मारली. “आबाजीची लक्ष्मी! कपाट ओढून काढलं!” भजनात तो दिवस जुन्या जीपचा ठरला. बेलबॉटमवाला पँटचे घोळ पिळत होता. चांगोने नव्या गाडीचं नाव घ्यायचं सोडलं. आबाजीने कितीदा तरी सांगितलं होतं, असं ज्याने त्याने एकमेकांना सांगितलं.

देवीची ओटी भरून झाल्यावर सोनाबाईला बहिणीकडे ठेवून आबाजी परत आला. चिंब, दमलेला. त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग बेलबॉटमवाल्याकडे गेला.

“नंबर लावा माझा,” तो म्हणाला. “पांढरीच.”

पोपटच्या हातातली विडी पडली. “दादा! उतरली न्हाय पेज! डोळ्यांनी बघितलं!”

“पेज मी उतरंन,” आबाजी म्हणाला. “गाडी काठावर ऱ्हाईल.”

*

नंबर लागून गाडी हातात यायला जवळजवळ वर्ष गेलं. जुनी जीप पोशाला दिली. भजनात आबाजीची जागा नागूकडे आली. नागूकडे जीप नव्हती, त्यामुळे त्याला सोडायलाही काही नव्हतं. मंडळी म्हणायची, बुवा कपाटात गेला. चांगोने मात्र गुपचूप येऊन दोनदा गाद्यांवर बसून बघितलं.

पुढच्या चैत्रात आबाजी आणि सोनाबाई खैरवाडीला निघाली. दोघंच. गाडीत धक्का नव्हता, वारा नव्हता, आवाजसुद्धा वेगळाच, कुठेतरी लांब दळण चालल्यासारखा. गाडी चालवतोय असं आबाजीला वाटेनाच. करायला काही उरलं नव्हतं. सोनाबाई कशेळं यायच्या आत झोपली. तो तिला धक्का लागू नये म्हणून खड्डे चुकवत राहिला, जे आता चुकवायचीही गरज नव्हती.

पेजेचा उतार लागला. समोर पाणी चमकलं, मध्ये तो काळा दगड. आबाजीचा हात सवयीने खाली गेला, लहान दांडा शोधत मांडीशेजारी फिरला, आणि मोकळाच परत आला.

त्याने गाडी काठावर आंब्याखाली लावली. इंजिन बंद केलं. सोनाबाईला उठवलं नाही.  पाणी अजून उतरायचं होतं, आणि कंबरेची कळही. मग वाकून, कण्हत, त्याने आपल्या वहाणा काढल्या, आणि तिने झोपताना काढलेल्या वहाणांशेजारी ठेवल्या.